काकू आणि वाळवंटातला कोल्हा

रत्नागिरीतल्या आमच्या शेजारच्या काकू सहसा कशालाच चांगलं म्हणत नाहीत. आळीतले आम्ही सगळे राजस्थानला सहलीला गेलो, तेव्हा वाळवंटातल्या झाडाप्राण्यांच्या खुल्या संग्रहालयात निवडुंग बघून त्या म्हणाल्या, "ह्याची तर आम्ही कुंपणं घालतो हो! तिकीट कसलं काढता?"

पुढे जाळीआड एक कोल्हा सारखा येरझाऱ्या घालत होता. काकू तिथेच बाकावर बसल्या. आम्ही सगळं बघून परतलो तरी त्या हलल्या नव्हत्या, आणि कोल्हा त्यांच्यासमोर जाळीला टेकून झोपला होता.

"चला काकू, गाडी सुटेल."

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. एकट्याला झोप लागत नाही रे."

काका गेल्यापासून काकूंच्या घरातला दिवा रात्रभर चालू असतो. मी ड्रायव्हरला थोडं थांबायला सांगून आलो आणि त्यांच्याशेजारी बसलो.