खिळ्यावरची अंगठी

सुधाकर गेल्याचा फोन त्याच्या बायकोचा, सविताचा आला, तेव्हा मी नांदेडच्या कार्यालयात जिल्ह्याचं पान पाहत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली. बातमी अनपेक्षित नव्हती. गुदाशयाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचल्याचं आम्हाला चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं. वय त्रेपन्न. जळकोटच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी वर्तमानपत्रात आलो, तो उदगीर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवू लागला. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी प्रवासी उतरवून बॉनेट उघडणारा माणूस. उशीर झाला म्हणून लोक ओरडायचे, हा ऐकून घ्यायचा, पण गाडी तशी पुढे नेत नसे.

जीपस्टँडवर मूळव्याध हा आजार समजलाच जात नव्हता. दिवसभर तापलेल्या सीटवर बसणाऱ्याला तो होणारच, अशी समजूत. त्यावर उपाय म्हणून एक काळपट लोखंडी अंगठी होती, डाव्या पायाच्या बोटात घालायची. मूळची कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकाचं रक्त थांबलं की ती पुढच्याकडे जाई. नियम एकच : अंगठी पायात असेपर्यंत दवाखाना करायचा नाही, नाहीतर गुण जातो. सुधाकरला शौचातून रक्त जायला लागलं, तेव्हा स्टँडवरचे सर्वांत जुने ड्रायव्हर माधवअण्णा यांनी आपल्या पायातली काढून त्याला दिली. "घे, आता तू पक्का ड्रायव्हर झालास." यावर सुधाकर म्हणाला, "म्हंजे इतकी वर्षं मी कच्चाच गाडी चालवायलो होतो का, अण्णा?" स्टँडभर हशा झाला. हे त्यानंच मला हसत सांगितलं होतं.

तीन आठवड्यांत रक्त थांबलं. महिन्याभरानं पुन्हा सुरू झालं, पण एकदा गुण आला होता, म्हणून अंगठी पायातच राहिली. दिवाळीत मी जळकोटला गेलो, तेव्हा त्याचा पट्टा दोन छिद्रं आत गेला होता. चहा होईपर्यंत तो दोनदा उठून आत जाऊन आला. "दिवसातून पाच-सहादा जावं लागायलंय. अन् जाऊन आलं तरी राहिल्यासारखंच वाटतंय." कुणाला दाखवलंस का, असं मी विचारलं. "तसली जागा कुणाला दाखवू? मूळव्याधच हाय रे. तू आपला बातम्या लिही, पत्रकारा..." मी म्हणालो, "मूळव्याधच असेल, पण एकदा दाखवून घे." मग दुसरा विषय निघाला. पाच वर्षं आरोग्याची पुरवणी पाहिलेल्या माणसाचं हे वाक्य आहे, म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

अंगठी घातल्यापासून आठव्या महिन्यात त्याला स्टेअरिंगवर भोवळ आली. त्यानं गाडी कडेला घेतली, प्रवाशांना दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलं आणि मग मला फोन केला. नांदेडला गुदविकारांच्या डॉक्टरांकडे मीच त्याला नेलं. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं. दोन मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन तो म्हणाला, "एवढंच व्हय? एवढ्यासाठी मी लाजून राहिलो?" डॉक्टर मला म्हणाले, "रक्त दिसलं की मूळव्याधच, हे न तपासता कुणीच ठरवू नये. मीही नाही. आणि शौचाची सवय बदलली, पोट साफ झाल्यासारखं वाटेना, वजन उतरलं, की त्याच आठवड्यात यायचं." यातली प्रत्येक गोष्ट मी दिवाळीत ऐकली होती किंवा पाहिली होती.

सुधाकरच्या जलदान विधीनंतर आठवड्यानं माधवअण्णा घरी आले. मी तिथंच होतो. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "सविता, ती अंगठी... स्टँडवर एकाला लई त्रास हाय."

"हाय की, न्या ना. पण आधी त्याला दवाखान्यात दाखवा. डॉक्टरचा कागद आणा, मग न्या."

"अगं, अंगठीवर दवाखाना चालत न्हाई."

"त्यांनी पाळला की तुमचा नियम, अण्णा."

अण्णांनी चहा अर्धा तसाच ठेवला. निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. अंगठी उतरवल्यावर सहा महिन्यांनी त्यांचंही रक्त पुन्हा सुरू झालं होतं. ते कुणालाच बोलले नव्हते.

गेल्या आठवड्यात पुन्हा जळकोटला गेलो. दाराजवळच्या ज्या खिळ्याला सुधाकर जीपची किल्ली अडकवायचा, तिथं आता अंगठी आहे आणि तिच्यामागे दोन झेरॉक्स टोचलेल्या आहेत. एक त्या ड्रायव्हरची : मूळव्याध, औषधं, महिन्यानं परत दाखवणे. दुसरी माधवअण्णांची. आतला तुकडा काढून कॅन्सरच्या तपासणीला पाठवलाय, असं सविता म्हणाली. अहवाल सोमवारी मिळेल. अंगठी न्यायला कुणी आलेलं नाही.