हजर राहण्याचा नियम

आमच्या साखर कारखान्यात कामगारांनी वर्गणी भरून आजार फंड काढला होता. मी त्याचा कारकून, आणि हे आमचे साहेब त्याचे थोर संचालक. मदत हवी तर आजाऱ्यानं मंडळापुढे जातीनं हजर राहायचं, हा नियम त्यांचाच. कुणी कण्हत आला, की पानाला चुना लावत ते मायेनं म्हणायचे, "चालत आलास न्हवं? मग लई बरा हाय तू!" येऊच शकला नाही, तर गैरहजर, अर्ज नामंजूर. अकोले तालुक्यातला एक फिटर विषमज्वरानं पडला, तो शेवटपर्यंत गैरहजरच राहिला.

पुढे यांना पडसं झालं. तेव्हा अख्खं मंडळ यांच्या खाटेभोवती भरलं. पांघरुणातून हात वर करून यांनी स्वतःची मदत मंजूर केली. मग उठले, आणि आम्हाला पोचवायला एसटी स्टँडपर्यंत चालत आले.