खुराड्यावरचा हिरवा पत्रा

टेलिफोनच्या बिलातली शेवटची ओळ वाचली की ऑर्विल क्रातोखविलच्या कपाळात तिडीक जायची. आणीबाणीच्या ९११ सेवेसाठी कर, दरमहा एक डॉलर! नवा मोबाइल घ्यायला गेला, तर दुकानदारानेही त्याच नावाखाली पैसे कापले. आता बोला.

"चाळीस वर्षांत एकदा तरी फोन केला का आपण त्यांना?" तो बायकोला विचारायचा. "कुणीतरी स्वतःचं घर भरतंय, लव्हॉन."

"करायची वेळ येऊ नये म्हण," लव्हॉन पीठ मळता मळता म्हणायची.

मग त्याच पैशातून काउंटीने नेब्रास्कातल्या त्या आडरानात प्रत्येक फाटकावर नंबराचा हिरवा पत्रा ठोकला, रुग्णवाहिकेला घर सापडावं म्हणून. ऑर्विलला यात काहीतरी काळंबेरं दिसलं. आज नंबर, उद्या मोजणी, परवा नवा कर. दूधखुळा समजतात की काय! कर्मचाऱ्याची गाडी टेकडीआड गेली, तसा त्याने पत्रा उचकटला आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवलं.

"अरे, लाव तो परत," लव्हॉन म्हणाली. पण ऐकेल तो ऑर्विल कसला.

मार्चमधल्या एका सकाळी कोलाचे नावाच्या गोड पावांत जर्दाळूचं सारण भरताना तिचं तोंड एकदम वाकडं झालं. काय बोलतेय, कळेना. ऑर्विलने मोबाइलवरून ९११ लावला.

"काका, फाटकावरचा नंबर सांगा," पलीकडची मुलगी म्हणाली. "मोबाइलवरून नेमकी जागा दिसत नाहीये."

"नंबर कशाला? शेजारच्या ह्रुष्काच्या पवनचक्कीपुढचं दुसरं फाटक! कुणालाही विचारा!"

इथली रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली; शेजारच्या काउंटीची निघाली. त्यांना पवनचक्की दिसेना. दिसणार कुठून? ती गेल्या वादळातच आडवी झाली होती. इथले लोक पत्ता मात्र अजून तिच्यावरूनच सांगायचे.

"काका, गाडी पुढे निघून गेली. नंबर सांगा, नंबर!"

ऑर्विल खुराड्याकडे धावला. कोंबड्यांच्या घाणीने माखलेला पत्रा त्याने बाहीने पुसला, आणि आकडे वाचता वाचता त्याला रडूच फुटलं. गाडी पोचायला अकरा मिनिटं जास्त लागली.

लव्हॉन वाचली. वाचा तेवढी गेली.

पत्रा आता फाटकावर आहे, चांगला चार खिळ्यांनी ठोकलेला. दुपारी तिला सूप भरवताना ऑर्विल रोज विचारतो, "ती अकरा मिनिटं गेली नसती, तर तू बोलली असतीस का गं?"

ती मान हलवून नाही म्हणते.

जन्मात त्याने कुणावर विश्वास ठेवला नाही. आता तिच्यावर ठेवायला त्याचा जीव तळमळतो, पण जमत नाही.