गुप्त माहिती, भोंग्यावरून

मौद्याकडे जायचं नक्की झालं ते नीतिसमितीने माझा संशोधनाचा अर्ज चौथ्या खेपेला मंजूर केला तेव्हा. विषय बायकांचं लैंगिक आरोग्य, आणि मुख्य अट गोपनीयता. बोलणारी बाई आणि मी, तिसरा कान नको.

नागपुरात सदरला तर्रीपोहे खाल्ले (वरचा तिखटजाळ रस्सा, म्हणजे तर्री, बेतानेच मागा), मग बसने मौदा आणि पुढे गावापर्यंत शेअर ऑटो. तो भरल्याशिवाय हलत नाही. सुटे पैसे आणि सबुरी दोन्ही जवळ ठेवा.

गावात पाऊल टाकते तोच देवळावरचा भोंगा गरजला, "पुण्याच्या मॅडम बायांची गुप्त माहिती घेऊन राहिल्या! ज्यांले गुप्त त्रास आहे त्यांनी शाळेत या!"

माइकवर सरपंचबाईंचे यजमान गुलाबराव होते. मी धावतच गेले. "अहो, गुप्त आहे ना ते!"

"म्हणून तं सांगतलं. नाही तं बायांले कसं कळन?"

मी मंजूर अर्ज पिशवीत कोंबला आणि शाळा गाठली.

शाळेत पहिली आली सुनंदा, आणि मागोमाग तिची सासू अनुसयाबाई. सुनंदा मान वर करेना. कसलातरी त्रास ती अंगावर काढत होती, आणि सासूसमोर तोंड उघडणार नव्हती. मला तिची फार काळजी वाटली.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसाल?"

"काहून? मी सासू आहो तिची."

"नियम आहे."

अनुसयाबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग खिडकीतून समोरच्या देवळाकडे ओरडल्या, "गुलाबा, भजन लाव गा! मोठ्यानं! पोरीले बोलू दे!" जाता जाता मला म्हणाल्या, "मले तं कोणी इचारलंच नाही कधी."

भजन दणाणलं. सुनंदा माझ्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहिली. काय, ते इथे लिहिणार नाही. नावंही बदलली आहेत. निघताना तिने नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता पदरात बांधला.

पुण्यात येऊन, तिच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग लावलं. पाऊण तास नुसते टाळ. समितीच्या फॉर्मवर 'गोपनीयता राखली का?' यापुढे मी 'संपूर्ण' लिहिलं आणि कपाळावर हात मारला.

तेवढ्यात फोन वाजला. अनुसयाबाई.

"मॅडम, दवाखान्यात आलो आमी दोघी. आता सुनंदा आत आहे, मी बाहेर. मंग मी आत जाईन, सुनंदा बाहेर बसन. नियम आहे म्हन्लं."