कृपया एक ते चारमधलाच आकडा भरा

वाघोली सोडताना मोबाइलमधल्या नकाशाने सांगितलं, मांडवगण फराट्याला दोन तासांत पोहोचाल. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत पाऊण तास अडकल्यावरही तो तेच सांगत होता. त्याचा आत्मविश्वास मला ओळखीचा वाटला. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते आणि सगळं बोंबललेलं असताना 'थोडंच राहिलंय' म्हणायची सवय आम्हाला पहिल्या वर्षातच लागते.

माझं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं आणि दत्तूमामा रुसले होते.

पत्रिका मी छापल्याच नव्हत्या. कागद वाया जातो आणि गावोगाव हिंडण्यात सुट्ट्या संपतात, हे माझं ठाम मत. म्हणून मोबाइलवर आमंत्रण पाठवलं आणि खाली एक छोटा फॉर्म जोडला: नाव, किती जण येणार, आणखी काही सांगायचंय का. सगळ्यांचे फॉर्म आले, मामांचा आला नाही. फोन केला की मामी म्हणायच्या, ते रानात गेलेत. तीन दिवस ते रानातच होते. शेवटी आईने निकाल दिला. मामाशिवाय बोहल्यावर चढायचं नाही, तूच रुसवलंस, तूच जाऊन आण.

न्हावऱ्याला एसटी सोडून वडापमध्ये (भरल्याशिवाय न सुटणारी जीप) बसले. जागा नऊ, माणसं चौदा आणि एक करडू. ड्रायव्हरने कुणाकडं जायचंय विचारलं. मी मामांचं गावातलं नाव घेतलं, दत्तूआप्पा.

"मग तुमीच व्हय त्या फॉर्मवाल्या?" तो म्हणाला.

सगळी जीप वळून माझ्याकडे बघायला लागली. पुढे नकाशाने एका उसाच्या फडात 'तुम्ही पोहोचलात' असं जाहीर केलं. ड्रायव्हरने त्याच्याकडे दुर्लक्ष करून मला थेट मामांच्या वस्तीवर (शेतातच बांधलेली घरं) सोडलं.

मामा कांद्याच्या ढिगाशी बसले होते. मला बघून ते मामींना म्हणाले, हिला आधी जेवायला वाढ. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मी हात धुतले. मग मामांनी आपला मोबाइल टॉवेलने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया एक ते चारमधलाच आकडा भरा'. वाक्य माझंच होतं. शहरातल्या एका घरातून चाराच्या वर कोण येतंय, असा माझा हिशेब होता. मामांनी आधी अकरा भरलं होतं, मग रागाने तीस.

"त्या चौघांत कुणाकुणाला बसवू? आन् ऱ्हायल्यांनी काय रानात थांबायचं?"

मी केटरर, ताटं, वाया जाणारं अन्न असं बरंच समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ताटं मोज की. माणसं कशाला मोजती?"

 अशा प्रश्नाला ऑफिसात आम्ही 'नोंद घेतली' म्हणतो. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला, मामींच्या मोबाइलचं नेट घेतलं आणि फॉर्ममधला 'किती जण येणार' हा प्रश्नच उडवून टाकला. मग मोठ्या ऐटीत मामांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि हात पुढे केला.

"अक्षता?"

मी लॅपटॉप आणला होता, चार्जर आणला होता, तो बिघडला तर म्हणून दुसरा चार्जरही आणला होता. अक्षता आणल्या नव्हत्या. मला खरंच लाज वाटली. शेवटी मामींनीच तांदळाला कुंकू लावलं आणि नातवाच्या वहीची पानं फाडून दिली. म्हणजे आमंत्रणाचं सगळं सामान पाहुण्यांनीच पुरवलं. मी पेनाने पत्रिका लिहिली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, मामांच्या हातात अक्षता दिल्या आणि पाया पडले. लग्नाला या, एवढंच म्हणायचं होतं, पण मधेच रडू आलं. मामांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता शेजारी जाऊन ये. वस्तीवर आणखी नऊ घरं. नऊ पत्रिका, नऊ कप चहा.

संध्याकाळच्या रेल्वेगाडीसाठी मामांनीच मोटारसायकलवरून भीमेचा पूल ओलांडून दौंडला आणलं. वाटेत ते कांद्याबद्दल बोलले, बिबट्याबद्दल बोलले, लग्नाला येण्याबद्दल चकार शब्द नाही. विचारायचा मला धीर झाला नाही. गाडीत जागा मिळाली तेव्हा त्यांनी कांद्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि मागे न बघता निघून गेले.

गाडी सुटली, तोच मोबाइल वाजला. फॉर्मला नवीन उत्तर आलं होतं. नावाच्या रकान्यात मामा होते. 'आणखी काही सांगायचंय का'च्या खाली त्यांनी लिहिलं होतं: "लग्नात तुज्या मागं उभं ऱ्हायला एक माणूस लागतो. तेवढा मोज. बाकीच्यांची ताटं वाढव."

पुणं येईपर्यंत मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. माझ्या फॉर्मवर इतकं नीट उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. मग केटररला फोन करून शंभर ताटं वाढवायला सांगितलं. त्याने विचारलं, मॅडम, नक्की किती माणसं येणार?

मी म्हटलं, ते विचारायचं नसतं.