लग्नाच्या फोटोत नसलेली माणसं

माझा नवरा कॅनडात बर्फावरून घसरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी खराडीतल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. त्याच्या मित्राचा फोन आला तोवर ऑपरेशनही झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बोलला. म्हणाला, "बाकी ठीक आहे. फक्त बाथरूमपर्यंत जाता येत नाही." मित्र नोकरी सांभाळून येऊन-जाऊन होता. कोणीतरी कायम जवळ असायला हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी, असं मी धरून चालले होते.

बायको म्हणून तिकडे कायमचं जाण्याची माझी फाइल आधीच वर्षभर अडकली होती. म्हणून मी थोड्या दिवसांसाठीचा व्हिसा मागितला. नकार आला. मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही, असं कारण होतं. नवरा तिकडे, मूलबाळ नाही, फ्लॅट भाड्याचा. नोकरी होती, पण नोकरी सोडता येते. मला त्यांचा रागही नीट आला नाही. मी खरंच परत आले असते का, हे मलाही सांगता आलं नसतं.

"मग आई-दादांचं बघ," नवरा म्हणाला. "त्यांची जमीन आहे, घर आहे. त्यांना देतील."

सासू-सासरे हडपसरला राहतात, हडपसर गाव होतं तेव्हापासून. शेतकरी घराणं. मी बौद्ध घरातली. आमचं लग्न रजिस्टर झालं त्या दिवशी माझ्याकडची माणसं खोलीत मावत नव्हती, त्याच्याकडून दोन मित्र आले होते. पुढे येणंजाणं सुरू झालं, सणाला साडी मिळायला लागली. पण नवरा परदेशी गेल्यावर मी एकटी तिकडे गेले की पाहुण्यासारखी बसायचे आणि चहा पिऊन निघायचे.

आता रोज ऑफिस सुटल्यावर जायला लागले. पासपोर्ट झाले. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायला शनिवार पेठेत गेले. तिथल्या गृहस्थांनी कागद हातात न घेताच विचारलं, "घाई आहे?" हो म्हटलं. "घाई असणाऱ्यांनी गेल्या आठवड्यात यायचं असतं," ते म्हणाले आणि मग कागद घेतला.

एका संध्याकाळी ओसरीवर लॅपटॉप घेऊन मी सासऱ्यांचा अर्ज भरत होते. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. प्रश्न वाचायचा, उत्तर विचारायचं, टाइप करायचं. त्या ओघात मी मोठ्यानं वाचलं, "मुलाचं लग्न झालं आहे का?" वाचल्यावर मलाच अवघडल्यासारखं झालं.

"झालंय की," सासरे म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आमचं एवढं सरळ चाललंय, मग तुमचंच का अडकलं?"

"लग्न खरं आहे याचा आणखी पुरावा मागितलाय, दादा. दोन्ही घरच्यांबरोबरचे लग्नातले फोटो हवेत."

"मग द्यायचे."

"दिलेत. पण त्यात तुमच्यापैकी कोणी नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग रस्त्याकडे. सासूबाई शेंगांचं सूप उचलून आत गेल्या. कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्यांनी मला जेवू घालूनच पाठवलं.

शुक्रवारी सासऱ्यांचा फोन आला. "रविवारी या. साडी नेसून या."

गेले तर अंगणात फोटोग्राफर उभा. सासऱ्यांनी फेटा बांधला होता. चुलतसासरे, चुलतसासू, सगळी भावकी जमली होती. सासूबाईंनी मला मधे उभं केलं आणि माझा पदर नीट केला. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "दादा, फॅमिली कम्प्लीट आहे ना?"

"हाय तेवढी घ्या," सासरे म्हणाले.

फोटो चांगला आला. घरी येऊन मी तो फाइलला जोडला, मग मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. लग्नाच्या फोटोंत त्याच्या घरचे नव्हते. या फोटोत सगळे होते, आणि तो नव्हता.

त्यांचे व्हिसे आले. मी त्यांना मुंबईला विमानतळावर सोडायला गेले. दाराशी सासूबाई थांबल्या. "त्याला तुझ्या हातचं काय आवडतं गं? म्हंजी मी तसं करीन."

लग्नानंतर वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा तो गेला, आणि त्या वर्षात आम्ही दोघंही बहुतेक डब्याचंच जेवलो होतो. "पिठलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

नंतर सकाळी ऑफिसला निघण्याआधी व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ. मी जिरेसाळीचा तांदूळ कुठे मिळेल ते शोधून सांगायचे, गोळ्यांच्या वेळा सांगायचे. बोलणं झालं की सासूबाई फोन ओट्यावर टेकवून ठेवत आणि तो चालू आहे हे विसरून जात. तिघं जेवायला बसत. मला टेबलाचा कोपरा दिसायचा, कधी कुबडीचं टोक. भाजी घे, भात वाढ, असं चालायचं. मी इकडे चहाचा कप आवाज न करता ठेवायचे. त्यांनी ऐकलं असतं तर फोन बंद केला असता.

सहा महिन्यांनी दोघं परत आली. आल्यावर सासूबाई पहिल्यांदाच माझ्या फ्लॅटवर आल्या. दोन्ही खोल्या बघितल्या, खिडकी उघडली, बंद केली.

"हितं एकटीच राहतीस?"

"हो."

"बोलतीस कुणाशी?"

मी चहा टाकायला उठले. सासूबाई त्या रात्री मुक्कामाला राहिल्या. सकाळी सासरे त्यांना न्यायला आले.

फोटो मिळाल्याची पोच आली आहे, माझ्या फाइलचा निकाल अजून नाही. नवरा आता काठीशिवाय चालतो. जिना चढताना डाव्या बाजूला जरा झुकतो, असं सासूबाई सांगतात. फोनवर ते दिसत नाही.