ऑन ड्यूटी आलेला संघ

कबड्डी बघायला बाई उभी राहिली की मैदानावरचे बाप्ये म्हणायचे, "ताई, मागं व्हा, लागंल." दोरी तोडून आत घुसणारे ते, पंचांच्या अंगावर धावून जाणारे ते, आणि मागं व्हायचं आम्ही! मी झाले नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून बोटांना कायम स्टेन्सिलची शाई असायची, आणि पिंपरीपासून भोसरीपर्यंत जिथं सामने असतील तिथं मी सायकल काढून हजर. घरी सांगायचे, लायब्ररीत जाते.

त्या वर्षी आमच्या वस्तीचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. पोचवला माझ्याच वर्गातल्या एकानं. वर्गात तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचा, मैदानात मात्र डाव्या पायानं अशी हूल द्यायचा की समोरचा भलतीकडंच झेपावायचा आणि हा उजव्या हातानं गडी बाद करून माघारी. परीक्षा महिन्यावर आलेली. विहाराच्या ओट्यावर आम्ही एकत्र अभ्यासाला बसायचो. अर्थशास्त्र मी त्याला समजवायचे, चढाई तो मला.

आणि तेवढ्यात एका कंपनीचे वेल्फेअरचे साहेब जीप घेऊन त्याच्या दारात आले. अंतिम सामना आमचा त्याच कंपनीशी होता. साहेब म्हणाले, हा सामना खेळ हवा तर तुझ्या वस्तीकडून, पण पुढच्या मोसमाला आमच्याकडं ये. खेळाडू म्हणून पर्मनंट घेतो. पहिल्या तारखेला हजर व्हायचं. परीक्षा? प्रोबेशनला रजा नसते, बाळ.

माझं डोकं फिरलं. माणूस तीन वर्षं पुस्तकं उसनी आणून शिकतो, आणि पदवी हाताशी आली की हे लोक त्याला कोंबडीसारखा पायाला धरून उचलणार? मी रातोरात पत्रक काढलं. 'आमचे खेळाडू विकाऊ नाहीत!' सकाळी ते नळाजवळच्या भिंतीवर लावलं आणि तिथंच सापडले. त्याची आई हंडा घेऊन उभी.

"का गं, हे तू लिवलंस?"

"हो मावशी."

"बरं लिवलंस. ह्या कागदावर भाकर भाजती का?" नळावरच्या सगळ्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. "माझ्या मालकानं त्याच कंपनीत सगळी हयात टेंपररी काढली. सा म्हैनं काम, मग ब्रेक, मग पुन्हा साहेबाच्या दारात. पोराला पर्मनंट म्हणतेत, आन् तू म्हणतीस विकू नको. मग तू ठिव त्याला पगारावर!"

"मावशी, एका महिन्याचा प्रश्न आहे. तो पदवीधर होईल."

"त्यो समोरच्या चाळीतला झालाय की पदवीधर. हाटेलात बसून पेपर वाचतोय."

चाळीतला तो खरंच पेपर वाचत बसलेला असायचा.

विहाराच्या ओट्यावर मी मावशींच्या पोरालाच विचारलं, "तू काय ठरवलंयस?"

"आधी फायनल तर खेळू दे की राव," तो म्हणाला, आणि पुस्तकाचं पान उलटलं. ते पान त्यानं वाचलं नव्हतं, हे मला दिसत होतं. उत्तर साहेबांना सामन्यानंतर द्यायचं होतं.

सामना शनिवारी दुपारी. कंपनीचा संघ ट्रकमधून उतरला तो निळ्या बनियनमध्ये, कडक इस्त्रीत. गडी सगळे त्याच कंपनीचे कामगार, आणि ते आले होते ऑन ड्यूटी. म्हणजे सकाळी पहिल्या पाळीला कार्ड पंच करायचं आणि मग मैदानावर यायचं. खेळलेला वेळ कामात धरला जायचा. आमची पोरं खाडा करून आलेली, कुणी मुकादमाच्या शिव्या खाऊन. मला सांगा, हा खेळ आहे की हजेरी?

वर प्रमुख पाहुणे तेच वेल्फेअरचे साहेब. खिलाडूवृत्तीवर बोलायला उभे राहिले ते बसायलाच तयार नाहीत. गडी उन्हात रांगेत उभे, पंच सारखे घड्याळ बघतायत. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, चढाई संपवा, दम तुटंल!" तेव्हा कुठं बसले. सामना सुरू व्हायला उशीर झाला, आणि त्या उशिरानंच पुढचं सगळं घडलं.

मावशी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आल्या होत्या. माझ्याशी अबोला होता, तरी उभ्या राहिल्या माझ्याच शेजारी. बायकांत दोरीपाशी मी एकटीच होते ना.

शेवटची मिनिटं. आम्ही एका गुणानं मागं. तो चढाईला गेला. डावी हूल, उजवा हात, कोपऱ्यातला गडी टिपला आणि वळला. वळताना एकानं घोटा धरला. दुसऱ्यानं कंबर. तिसरा पाठीवर पडला. तो मातीत आडवा, हात पुढं, आणि मध्यरेषा वीतभर लांब. "कबड्डी, कबड्डी" चा आवाज बारीक होत चाललेला. माझ्या दंडाला मावशींची बोटं रुतली.

आणि भोंगा वाजला. पाळी सुटल्याचा, त्याच कंपनीचा.

मी डोळ्यांनी बघितलंय. घोटा धरलेली बोटं ढिली पडली. कंबरेवरचा हात सुटला. तिसऱ्यानं तर मान वर करून गेटच्या दिशेनं बघितलं. मशीनचा हँडल सोडावा तसं सोडलं तिघांनी, क्षणभरच. आमच्या गड्यानं कधी कार्ड पंच केलेलं नव्हतं, त्याच्या अंगात भोंगा नव्हता. तो सरपटला आणि रेषेवर बोटं टेकवली. एक टिपलेला, तीन धरणारे. चार गुण!

मग जो काय गोंधळ झाला! कंपनीवाले म्हणाले, भोंग्यामुळं पकड सुटली, गुण रद्द करा. आमचे लोक म्हणाले, "भोंगा तुमचा, पोरं तुमची, आम्ही वाजवला काय?" एक म्हातारा कोकलत होता, "ड्युटी सुटली रे, घरी जावा! ओव्हरटाइम न्हाई मिळायचा!" पंच म्हणाले, "इथं शिट्टी माझी. भोंग्यावर खेळ थांबत नसतो." गुण कायम. उरलेल्या वेळात काहीच झालं नाही. आम्ही जिंकलो.

मी नाचत होते, घसा बसला होता. मावशी तशाच उभ्या. निळ्या बनियनमधल्या त्या तिघांकडं बघत होत्या. गडी एकमेकांवर चिडत नव्हते, नुसते आपापल्या हातांकडं बघत होते.

"आमचे मालक असंच करतेत," मावशी म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशीबी भोंगा झाला की हातातला घास ताटात ठेवतेत. मला वाटायचं, त्यांनाच खोड हाय."

साहेब गर्दीतून वाट काढत आले. मावशींच्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास! मग पहिल्या तारखेला?"

त्यानं आईकडं बघितलं. मीही. माझी सगळी पत्रकं घशाशी आली होती, पण आवाज गेला होता. बरंच झालं.

"परीक्षा झाली की येईल, साहेब," मावशी म्हणाल्या.

"बाई, जागा थांबत नसते."

"मग जाऊ द्या. पोरगं आज तुमच्या भोंग्याला थांबलं न्हाई, चार दिसांनी थांबायला शिकंल. शिकायच्या आधी पेपर देऊ द्या त्याला."

साहेब जीपमध्ये बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

आमच्या गड्यालाही आधी परीक्षाच हवी होती, हे मला सायकल ढकलत परत येताना कळलं. पोटात भूक होती, अंगभर माती होती, आणि तो मला विचारत होता, "मागणी आणि पुरवठ्याचं ते परत एकदा सांग की राव."

"मला राव म्हणू नकोस," मी म्हणाले, आणि सांगितलं.

परीक्षेला तो माझ्या दोन बाकं पुढं होता. अर्थशास्त्राचाच पेपर. भोंगा वाजला. पर्यवेक्षकांनी घड्याळाकडं बघितलं, शिपायानं दाराबाहेर डोकावलं, माझंसुद्धा पेन थांबलं. कामगाराचीच मुलगी मी. पुढं बघितलं तर त्याची मान खाली आणि कोपर हलतोय. मग त्यानं मान वर केली, हात वर केला, आणि पुरवणी मागितली.